तिसऱ्या मात्रेवरचा पाय

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तुझं व्हायोलिनचं रेकॉर्डिंग काल दोनदा ऐकलं. सूर चोख, बो हलका. पण आई पोळ्या लाटता लाटता ऐकत होती, ती म्हणाली, "छान आहे, पण ह्यावर नाचायचं कसं?" तिने नेमकं बोट ठेवलं बघ.

पोलिश संगीतकार विएनियाव्स्कीचा 'दुजाश' (ओपस 19, म्हणजे त्याच्या 19 क्रमांकाच्या संचातला दुसरा) ही मझुर्का आहे, तीन मात्रांचा पोलिश नाच. तू ती वॉल्ट्झसारखी वाजवतेस, तोही तीन मात्रांचाच नाच, पण वेगळा: पहिली मात्रा जड, बाकी दोन हलक्या. मझुर्कात वजन सरकतं, कधी दुसऱ्या मात्रेवर, कधी तिसऱ्या. नाचणारा तिथे टाच आपटतो. व्हायोलिन बाजूला ठेवून आधी नुसती पावलं टाकून बघ. हॉस्टेलमधल्या मुली हसल्या तर हसू देत.

दुजाश म्हणजे पोलंडमधला मशकवाला, बॅगपाइप वाजवणारा. फ्रेंच नाव 'ल मेनेत्रिए', म्हणजे गावातला फिडल वाजवणारा. मला दोन्ही नावं हवीत. मशकीचा अखंड चालणारा सूर तुझ्या डी आणि ए तारांच्या पंचमात मिळतो. पण तो तंबोऱ्यासारखा मऊ करू नकोस. कातड्याच्या पिशवीतून येणारा सूर आहे तो, थोडा खरखरीतच हवा. व्हायब्रॅटो, म्हणजे बोट हलवून सूर थरथरवणं, तर तिथे अजिबात नको. हे लिहिणारा माणूस लुब्लिनचा, जन्म 1835, आठव्या वर्षी पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटवारमध्ये, म्हणजे संगीत विद्यालयात दाखल आणि अकराव्या वर्षी पहिलं बक्षीस. त्याला सफाई येत नव्हती असं थोडंच आहे!

त्याच ओपसमधला 'ओबेर्तास' तुला जास्त आवडतो हे ठाऊक आहे. गिरक्यांचा नाच, वेगवान, टाळ्या हमखास. तो पुढच्या वर्षी.

पियानोच्या साथीचं म्हणशील तर मी स्वतः एकदा, एका हौशी मैफलीत, हीच साथ बूम-चक-चक वाजवली होती. व्हायोलिनवाला प्रत्येक तिसरी मात्रा ताणत होता, मी घड्याळासारखा पुढे. शेवटचा कॉर्ड मी एकट्यानेच वाजवला. लोक शांत होते, हे त्याहून वाईट.

तुझ्या पियानोवाल्या मैत्रिणीसाठी माझी जुनी प्रत कुरिअर करतोय. पेन्सिलने गोल केलेल्या जागी तिने तुझ्यासाठी थांबायचं. दुसऱ्या पानावर चहाचा डाग आहे, त्याखाली एक शार्प (सूर अर्ध्याने चढवायची खूण) दडलाय, तो चुकवू नये म्हणावं.

तुझा,
बाबा