अंगणातली बाज

लेस्टर, रविवार

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, इथं सगळे खुशाल आहेत. फोनवर तू "बरं हाय, तुझं सांग" म्हणतोस आणि सोयाबीनच्या भावावर येतोस, म्हणून लिहायला बसले. वहिनीनं परवा सांगितलं, यंदाच्या पावसातही तू बाज आत घेतली नाहीस. वर पत्रा टाकलास आणि अंगणातच झोपलास. पुनर्वसनातलं घर मिळून एवढी वर्षं झाली, तुझी पाठ काही स्लॅबखाली टेकली नाही. गावात याला कुणी दुखणं म्हणत नाही, "त्येचा सोभावच तसला हाय" म्हणतात. मीही तेच म्हणायचे.

माझं मात्र तुला कधी सांगितलं नाही. 27 फेब्रुवारी 2008 ला रात्री एकच्या सुमाराला इथं भूकंप झाला, 5.2 चा. इंग्लंडच्या मानानं मोठा. काही धुराडी पडली, कौलं घसरली. मी लेकराला पोटाशी धरून अनवाणी रस्त्यावर, तेही फेब्रुवारीत. शेजारी खिडकीतून बघत होते. त्या रात्रीपासून पहाटे चारच्या आत डोळे उघडायला लागले. त्र्याण्णवच्या किल्लारीच्या भूकंपाची वेळ पहाटे 3 वाजून 56 मिनिटं, तुला सांगायला नको. धुण्याचं मशीन पिळायला लागलं की फरशी थरथरते, तेवढ्यानं हातपाय गार पडायचे. विसर्जनाचे ढोल ऐकवायचे नाहीत, कारण त्यांच्यानंतरच झोपलो होतो आपण.

अशीच बारा वर्षं काढली. इथं सरकारी टॉकिंग थेरपीजकडं, म्हणजे बोलून करायच्या मनाच्या उपचाराला, आपलं नाव आपणच नोंदवता येतं. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, पैसेही पडत नाहीत, पण माझा नंबर लवकर लागेना. म्हणून पैसे मोजून एका बाईंकडं गेले. त्यांनी पहिल्याच बैठकीत सगळं सांगायला लावलं. मीही येडी, सांगितलं. त्यानंतर आठ दिवस डोळ्याला डोळा नाही. पुढचे भेटले ते म्हणाले, चांगले विचार करा. आपल्याकडं देवर्षी परवडला, तो निदान नारळ तरी मागतो!

शेवटी कामावरच्या एका नर्सनं सांगितलं, अगं, ठरवायच्या आधी फोनवरच विचार. मग विचारत सुटले. आघाताच्या आजारावर किती लोकांसोबत काम केलंय? पद्धत कोणती? नोंदणी कुठं आहे? मधेच थांबा म्हटलं तर थांबाल का? एक जण या शेवटच्या प्रश्नाला चिडले, त्यांचं नाव तिथंच खोडलं. आता जिच्याकडं जाते ती म्हणाली, "थांबवायचं तुमच्या हातात." तिनं आधी वीस प्रश्नांचा कागद भरून घेतला. पहिल्या तीन भेटींत भूकंपाचं नावही काढू दिलं नाही. डोकं तिकडं धावलं की इथं परत कसं यायचं, पाय जमिनीला कसे लावायचे, हेच शिकवत राहिली.

खरी अडचण भाषेची होईल असं वाटलं होतं, आणि झालीही. माळवद इंग्रजीत सांगायचं कसं? 'रूफ' म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर कौलं येतात. चिखलात रचलेल्या दगडी भिंती, वर लाकडं आणि फळ्या, आणि त्यावर दरवर्षी नवी टाकून फूटभर चढलेली माती. उन्हाळ्यात गार म्हणून आपण मिरवायचो, तेच अंगावर आलं. त्या मातीचा वास आणि तोंडातली कचकच मला कोणत्याच शब्दात पकडता येईना. ती म्हणाली, मला सांगू नका, मनात मराठीतच बघा.

पद्धतीचं नाव ईएमडीआर. त्रास देणारं चित्र मनात धरायचं आणि तिची बोटं डावी-उजवी हलतील तशी नजर फिरवायची. थोड्या वेळानं ती थांबते, काय आलं विचारते, त्रास शून्य ते दहात किती ते सांगायचं. 1987 मध्ये फ्रान्सिन शापिरो या अमेरिकन बाईंना बागेत फिरताना हे सुचलं म्हणे. मला आधी भोंदूपणाच वाटला. यानं नेमकं काय होतं यावर जाणत्यांचंही एकमत नाही, पण गुण येतो हे अभ्यासांत दिसलंय. माझं आजीचं चित्र नऊवरून तीनवर आलंय. शून्य होईल असं ती म्हणत नाही, आणि म्हणूनच माझा तिच्यावर विश्वास बसला.

दादा, आता तुझं. तू एकदाच बोललास, तेही पिऊन, की मला आधी काढलंस म्हणून आजी ढिगाऱ्यातच गेली. तू मांडवात झोपला होतास, धावत आलास आणि ज्याचा आवाज आला त्याला हातांनी उकरलंस. मी रडत होते, आजीचा आवाजच नव्हता. हे मी तिथं मोठ्यानं म्हटलं तेव्हा रडले, पण रडू आजीपेक्षा तुझ्यासाठी आलं.

14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर लिहून ठेव. 2022 पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलतात. वहिनीनं लावला तरी चालतं. लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचाराचे डॉक्टर आहेत, ते तपासतील, लागली तर गोळी देतील. बोलण्याच्या उपचाराला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मिळाला, तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचार. समुपदेशक अशी पाटी आपल्याकडं कुणीही लावतं. तिथं कुणी नसलं तर पुण्याचा माणूस व्हिडिओवर भेटतो, भाच्याला फोन लावून द्यायला सांग. आणि पहिल्या भेटीत सगळं सांगू नकोस. कुणी घाई केली तर उठून ये, फी गेली तर जाऊ दे, मी पाठवीन.

बाज आत घे, असं मी म्हणणार नाही. दिवाळीला येतेय. माझीही बाज अंगणात टाकून ठेव, पहिल्या रात्री तरी मला आत झोप लागायची नाही. वहिनीला सांग, गोधडी जाड काढ.

तुझी,
धाकटी