सहीबद्दल

नागपूर

चि. मुकुंदास अनेक आशीर्वाद.

परत जाताना विमानतळावर तू विचारलेस, "आई, माझी वाट न पाहता बाबांच्या ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही का केलीस?" तेव्हा मला नीट सांगता आले नाही, म्हणून आज लिहिते.

बाबांचे पोट रात्री दोनच्या सुमारास दुखू लागले. मी ओवा दिला, बेंबीभोवती हिंग लावला आणि गॅस असेल असे समजून सकाळपर्यंत थांबले. चूक झाली ती तिथे, सहीत नव्हे. अल्सर, म्हणजे जठराच्या आतली जखम, फुटला की पोट लाकडासारखे कडक होते असे मी ऐकून होते, पण त्यांचे पोट हाताला मऊच लागत होते आणि तापही नव्हता. उतारवयात ही लक्षणे अनेकदा अशीच दबलेली राहतात, हे धंतोलीतील रुग्णालयात गेल्यावर कळले. सर्जननी छातीचा एक्स-रे उजेडाला धरून उजव्या बाजूची, नखाएवढी काळी कोर दाखवली. अल्सर फुटून पडलेल्या छिद्रातून निसटलेली ती हवा होती आणि त्याच वाटेने आम्ल व पित्त पोटात पसरत होते.

तू पोहोचणार होतास दुसऱ्या दिवशी रात्री. बाबांच्या हृदयामुळे भुलीचा धोका आहे हे सर्जननी लपवले नाही. मात्र जसजसे तास जातात तसतसा संसर्ग रक्तात भिनतो, मूत्रपिंडे थकतात आणि म्हाताऱ्या माणसाची वाचण्याची आशा कमी होत जाते, असेही स्पष्ट सांगितले. मी सही केली. पोट धुऊन, आतल्याच चरबीच्या पदराचा भाग छिद्रावर बसवून त्यांनी टाके घातले.

नातेवाईक तिखट सावजी रश्शाला बोल लावतात, ते मला पटत नाही. जठरातला जिवाणू अल्सर करतो हे दाखवणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना २००५ साली नोबेल मिळाले. दुसरे मोठे कारण वेदनाशामक गोळ्या. हृदयासाठीची ॲस्पिरिन रोज चालू असताना गुडघ्यांसाठीची गोळी मीच सकाळच्या चहाबरोबर, रिकाम्या पोटी, त्यांच्या हातावर ठेवत होते.

जिवाणूची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. ॲस्पिरिनचे काय करायचे ते हृदयाचे डॉक्टर ठरवतील, आपण आपल्या मनाने बंद करायची नाही. गुडघ्याच्या गोळ्यांच्या उरलेल्या पट्ट्या मी डॉक्टरांना दाखवण्यासाठी पिशवीत बांधून ठेवल्या आहेत. तू मागे पाठवलेल्याही त्यातच आहेत, आता आणखी पाठवू नकोस.

तुझी,
आई