चिंगूचं वजन

प्रिय आई-बाबा,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर "चिंगू बराय" म्हणाले ते अर्धंच खरं होतं. उरलेलं तोंडाने सांगवलं नाही, म्हणून लिहितेय.

आई, फोटो बघून तू म्हणालीस ना, "तुझ्या मुंगसाने चांगलं बाळसं धरलंय"? (मुंगूस नाही गं, फेरेट. असू दे.) मलाही तसंच वाटलं होतं. फेरेट थंडीत अंगावर चरबी चढवतात आणि ऊन वाढलं की उतरवतात. याचं नेमकं उतरायच्या दिवसांत चढलं, बाराशे ग्रॅमवरून साडेचौदाशे. दाखवायला नेलं तर डॉक्टरांनी वरवर पोट चाचपलं आणि म्हणाले, लाड कमी करा, खाणं निम्मं करा. मी केलं.

तेव्हाच कळायला हवं होतं. पाठीवरून हात फिरवला की मणके एकेक मोजता येत होते, आणि खाली पोट पाणी भरलेल्या फुग्यासारखं लोंबत होतं. शेपटी उंदरासारखी बोडकी झालेली. जाड झालेल्या प्राण्याचे मणके हाताला लागतात का? पण काट्यावरचा आकडा दिसत होता ना, मग हाताचं कोण ऐकतंय.

नवव्या दिवशी पहाटे तो झोळीतून उतरला आणि मागचे पाय घसरून पोटावरच पसरला. नजर भिंतीला लागलेली, तोंडातून लाळ, आणि पुढच्या पंजाने ओठ ओरबाडत होता. दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, बोटाला मध लावून हिरड्यांवर चोळा, बोट चावू देऊ नका, आणि लगेच घेऊन या. थोड्या वेळाने त्याने मान उचलली आणि माझ्याकडे पाहिलं. मी तिथेच फरशीवर बसून रडले.

रक्तातली साखर 52 निघाली. बाबा, तुम्ही रोज साखर वाढू नये म्हणून जपता, याची उलटी तऱ्हा. स्वादुपिंडात गाठी होतात, त्या नको तितकं इन्सुलिन सोडतात. अशा जिवाला मी नऊ दिवस अर्धपोटी ठेवलं. फेरेटची आतडी इतकी आखूड असतात की खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं. धडधाकट असला तरी त्याला फार वेळ उपाशी ठेवायचं नसतं.

सोनोग्राफीत आणखी एक निघालं. मूत्रपिंडाजवळची ॲड्रिनल ग्रंथी सुजलीय, प्लीहाही वाढलीय. म्हणजे पोट होतं, चरबी नव्हती. अगदी लहानपणी नसबंदी केलेल्या फेरेटांत ही ग्रंथी पुढे बिघडते असं त्या म्हणाल्या. तो आमच्याकडे आला तेव्हा ते होऊन गेलेलं होतं, त्यामुळे निदान तेवढ्याचा दोष माझ्याकडे नाही.

ऑपरेशन का नाही, हे बाबा विचारणारच. वय सहा, दुखणी दोन, आणि स्वादुपिंडातल्या गाठी काढल्या तरी पुन्हा येऊ शकतात. म्हणून त्या ग्रंथीसाठी खांद्यांच्या मध्ये कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी हार्मोनची कांडी बसवलीय आणि साखर पडू नये म्हणून दोन वेळा स्टेरॉइडचं औषध चालू आहे. याने बरा होणार नाही, पण बरे दिवस मिळतील. किती, ते मी विचारलं नाही. लघवीला कुंथतोय का, यावरही लक्ष ठेवायचंय, कारण ती ग्रंथी बिघडली की नरांत प्रोस्टेट सुजून लघवी अडू शकते आणि मग एक रात्रसुद्धा थांबून चालत नाही.

दर चार तासांनी मांसाचा लगदा भरवते, रात्रीसुद्धा गजर लावून. चमचा चाटताना डोळे मिटून घेतो. काल मोजा पळवून सोफ्याखाली नेला, महिन्याभरात पहिल्यांदा.

स्टेरॉइडने भूक आणि पोट दोन्ही वाढतं, तेव्हा पुढचा फोटो बघून लगेच हरखू नका. आणि आई, मागच्या वेळी तू त्याला गुपचूप मनुका द्यायचीस ते मला ठाऊक आहे. गोडाने याची साखर आधी चढते आणि मग धाडकन पडते. येताना पदराच्या गाठीत काही आणू नकोस.

तुमची,
धाकटी