बाटलीत फुगा घेऊन आलेल्या सरांना

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही “बाई, त्यात काय एवढं” म्हणता आणि विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

सातवीच्या वर्गात अंतराळ स्थानकाबद्दल बोलत होते, तेव्हा एका मुलीनं विचारलं, “बाई, तिथं टँकर कोण पाठवतं?” वर्गात कुणी हसलं नाही. आमच्या दुष्काळी माण तालुक्यात हा रोजच्या जगण्यातला प्रश्न आहे. “यान येतं” एवढं बोलून मी पुढे गेले, पण दिवसभर ते मनाला लागून राहिलं. माणसं वर जातात कशी, हे मला तोंडपाठ होतं. तिथे सहा-सहा महिने ती काय खातात, काय पितात, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

ओळखीच्यांकडून तुमचा नंबर मिळाला. तुम्ही मला ओळखतही नव्हता. तरी पुण्याहून एसटीनं आलात, पिशवीत दोन बाटल्या, फुगे आणि सायकलचा पंप घेऊन.

तुम्ही सांगितलेली पहिली गोष्ट मुलांना अजून आठवते. सॅल्युत-६ या सोव्हिएत स्थानकावर रोमानेन्को आणि ग्रेच्को राहत होते. २० जानेवारी १९७८ ला बैकानूरहून प्रोग्रेस-१ सुटलं. आत माणूस नाही, फक्त माल. दोन दिवसांनी ते स्थानकाच्या मागच्या दाराला आपलं आपण जोडलं गेलं. त्यात सव्वादोन टनांच्या आसपास सामान होतं आणि त्यातलं जवळजवळ एक टन नुसतं इंधन. दोघं ९६ दिवस राहिले. आधीचा विक्रम ८४ दिवसांचा, अमेरिकेच्या स्कायलॅबवरचा. पण तिथला बहुतेक शिधा स्थानकाबरोबरच वर गेला होता. “आता घर तेच, फक्त बाजार मागून येऊ लागला,” असं तुम्ही म्हणालात.

इंधन कशाला, असं मुलांनी विचारलं. त्या उंचीवरही हवेचा विरळ थर असतो, तो स्थानकाला थोडं थोडं खाली ओढतो, म्हणून अधूनमधून ढकलून वर न्यावं लागतं. वजन नसलेल्या ठिकाणी ते ओतायचं कसं, याच्यासाठी तुमच्या बाटल्या होत्या. बाटलीत फुगा, फुग्यात इंधनाऐवजी पाणी. फुग्याबाहेरच्या हवेचा दाब वाढवला की पाणी बाहेर येतं. रिकामा फुगा पुन्हा भरायचा, तर आधी ती बाहेरची हवा काढायला हवी. ती फेकायची मात्र नाही, कारण तिथे हवा विकत मिळत नाही. स्थानकात ही हवा म्हणजे नायट्रोजन. तो पुन्हा सिलिंडरमध्ये दाबून भरतात, टाकीतला दाब उतरला की मालवाहू यान आपल्या दाबानं इंधन आत ढकलतं. एका मुलानं पंप मारला, दुसऱ्यानं बाटली धरली, आणि फुगा फुगताना पाहून सगळा वर्ग ओरडला. माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत असा आवाज मी मोजक्या वेळा ऐकला असेल.

राकेश शर्मांचं नाव तुम्ही वेगळ्या वाटेनं आणलंत. ते ३ एप्रिल १९८४ ला सॅल्युत-७ कडे निघाले, त्याच्या तीन दिवस आधी प्रोग्रेस-१९ नं मागचं दार मोकळं करून दिलं होतं. पाहुणे येणार म्हणून अंगणातली गाडी काढायची, हे मुलांना लगेच कळलं.

मग त्याच मुलीनं पुन्हा हात वर केला. “सर, टँकर चुकला तर?”

तुम्ही खुर्ची ओढून तिच्या बाकाशेजारी बसलात. २८ ऑक्टोबर २०१४ ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकासाठी सिग्नस हे मालवाहू यान घेऊन निघालेलं रॉकेट अमेरिकेत उड्डाणानंतर काही सेकंदांतच कोसळलं. २८ एप्रिल २०१५ ला सुटलेलं रशियन प्रोग्रेस गरगरत राहिलं आणि मे महिन्यात वातावरणात जळून गेलं. २८ जूनला ड्रॅगन या अमेरिकन मालवाहू यानाचं रॉकेट दोन-सव्वादोन मिनिटांत फुटलं. आठ महिन्यांत तीन खेपा गेल्या. “मग ते तहानेनं...” ती पुढे बोलली नाही. तुम्ही सांगितलंत की काही महिने पुरेल इतका साठा तिथे कायम ठेवलेला असतो, घामाचं आणि लघवीचंही पाणी शुद्ध करून पुन्हा वापरतात, आणि एकाच देशाच्या यानावर कुणी विसंबून राहत नाही. ५ जुलैला पुढचं प्रोग्रेस पोचलं. मग ऑगस्टमध्ये जपानचं कोउनोतोरी हे मालवाहू यान आलं. सामान पोचल्याचं ऐकून तिनं श्वास सोडला, तो मला शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आला. तिच्या घरी टँकरच्या दिवशी कोण हंडे लावतं, ते तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. तुम्ही तो प्रश्न लहान मानला नाहीत, याचे आभार मला सगळ्यांत जास्त मानायचे आहेत.

मानधन तुम्ही घेतलं नाही. मुलींनी डब्यातली बाजरीची भाकरी आणि ठेचा पुढे केला, तेवढा मात्र पोटभर खाल्लात.

बाटल्या कपाटात आहेत. एक फुगा फाटला होता, नवा आणला. गेल्या शनिवारी ती मुलगी पाचवीच्या वर्गात हा प्रयोग करून दाखवत होती. पंप मारायच्या आधी तिनं मुलांना बजावलं, “हवा वाया घालवायची नाही, पुन्हा भरून ठेवायची.”

आपली नम्र,
माण तालुक्यातील एक शिक्षिका