जुन्या फोर बाय फोरमधील गोंगाट: ध्वनिरोधक शीटच्या आधी फटी शोधाव्यात

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

जुन्या, चौकोनी बांध्याच्या फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणाऱ्या) गाड्या जपणाऱ्यांची एक तक्रार सगळीकडे सारखीच ऐकू येते. गाडी कच्च्या रस्त्यावर कुठेही चढते, पण महामार्गावर ताशी ८० किलोमीटरच्या पुढे गेली की शेजारी बसलेल्या माणसाशीही आवाज चढवून बोलावे लागते. यावर बहुतेकदा एकच उपाय सुचवला जातो: आतले मॅटिंग आणि अस्तर काढून साऱ्या पत्र्यावर ध्वनिरोधक चिकट शीट लावणे. हा उपाय निरुपयोगी नाही, मात्र तो सगळ्यात शेवटी करायचा आहे. तो आधी केला तर पैसा खर्च होतो, गाडीचे वजन वाढते आणि वाऱ्याची शीळ आहे तशीच राहते. वाहनविषयक मजकुरात नव्या गाड्यांना भरपूर जागा मिळते, पण जुनी गाडी चालती ठेवणाऱ्यांना या क्रमाविषयी फारसे कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

आवाज अडवणारी भिंत कितीही जड केली, तरी तिच्या क्षेत्रफळातील एक टक्का जागा उघडी राहिली की तिची आवाज रोखण्याची क्षमता २० डेसिबलच्या आसपास अडकते. जुन्या गाडीच्या दारांभोवतीचे कडक झालेले रबर, काचेच्या खाचेतील झिजलेले फेल्ट आणि गिअरच्या दांड्याखालचा फाटलेला रबरी बूट (दांड्याभोवतीचे आवरण) या साऱ्या फटी एकत्र धरल्या, तर पत्र्याला लावलेल्या जाड थराचा बराचसा फायदा त्या खाऊन टाकतात. त्यात वाऱ्याचा आवाज वेगाबरोबर फार झपाट्याने वाढतो. गाडीवरून वाहणाऱ्या हवेच्या आवाजाची तीव्रता साधारणपणे वेगाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात चढत असल्याने, ताशी ८० वरून १०० किलोमीटरवर जाताना तो जवळजवळ ६ डेसिबलने वाढतो. उभी सपाट काच, छताच्या कडेची पन्हळ आणि बाहेर आलेले मोठे आरसे असलेल्या गाडीत मुळातच हवा जागोजागी फाटत असते, त्यामुळे ही वाढ आत बसणाऱ्याला लगेच जाणवते.

फटींची तपासणी उभ्या गाडीवरच करून थांबू नये. दारात कागदाची पट्टी धरून दार लावणे आणि ती सहज ओढून निघते का हे पाहणे ही चांगली सुरुवात आहे. परंतु गाडी वेगात असताना बाजूच्या काचांबाहेर हवेचा दाब आतल्यापेक्षा कमी होतो आणि दाराची वरची चौकट किंचित बाहेर ओढली जाते. म्हणून उभ्या गाडीत घट्ट बसलेले रबर महामार्गावर सुटू शकते. खरी परीक्षा रस्त्यावरच होते, आणि तिला रंगकामात वापरतात ती कागदी मास्किंग टेप पुरते. एका दाराच्या साऱ्या कडांवर बाहेरून टेप लावावी, ओळखीच्या रस्त्यावर ठरलेल्या वेगाने गाडी चालवावी आणि ऐकण्याचे काम शेजारी बसलेल्याकडे द्यावे. आवाज घटला तर टेप एकेक तुकडा काढत जावी. ज्या तुकड्यानंतर शीळ परत येते, तिथे फट आहे. मग पुढचे दार, मग पुढच्या काचेची कड, मग पन्हळ. एका वेळी एकाच दाराला टेप लावावी, म्हणजे अडचण आल्यास बाहेर पडायला दुसरे दार मोकळे राहते. या चाचणीला खर्च जवळजवळ नाही, आणि तिच्याइतके नेमके उत्तर गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर अंदाज बांधून मिळत नाही.

फट सापडली की लगेच जाडजूड रबर बसवण्याचा मोह होतो. त्याआधी बिजागऱ्या पाहाव्यात. बिजागरीची खीळ झिजून दार खाली लोंबले असेल, तर नवे रबरही एका कोपऱ्यात चेपते आणि दुसऱ्या कोपऱ्यात टेकतच नाही. बिजागरी ठीक असेल तर कुलूप ज्यात अडकते तो स्ट्रायकर किंचित आत सरकवल्यानेही कित्येकदा काम भागते. रबर गरजेपेक्षा जाड झाले तर दार पहिल्याच टप्प्यावर अडकते, पूर्ण बंद होत नाही, आणि असे दार धावत्या गाडीत उघडण्याचा धोका असतो. दारांची रबरे बहुधा ईपीडीएम या कृत्रिम रबराची असतात. पेट्रोलियम तेल किंवा साध्या ग्रीसने ती फुगतात आणि खराब होतात, म्हणून त्यांना सिलिकॉन ग्रीसच लावावे.

मागच्या दाराचे रबर मात्र आवाज असो वा नसो, तपासलेच पाहिजे. चौकोनी गाडीच्या मागे हवेचा कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि सायलेन्सरमधून निघालेला धूर तिथेच घोटाळतो. मागचे दार नीट बंद होत नसेल आणि पुढची एखादी काच उघडी असेल, तर हा धूर आत ओढला जाऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि डोके दुखणे किंवा गुंगी येणे ही त्याची लक्षणे प्रवासाचा थकवा समजून सोडून दिली जातात. गिअर आणि ट्रान्स्फर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) यांच्या दांड्यांचे रबरी बूट तसेच इंजिनामागच्या पत्र्यातून तारा आत येतात तिथले ग्रोमेट (भोकातली रबरी कडी) यांचेही तेच. तिथून आवाज येतो, तसा धूर, उष्णता आणि धूळही येते. हे भाग लहान आहेत, बदलायलाही फार अवघड नाहीत. तरीही ते डोळ्यांआड असल्याने वर्षानुवर्षे तसेच राहतात, याचे मला फार वाईट वाटते.

छतावरच्या कॅरिअरचा आवाज वेगळ्या प्रकारचा असतो. गोल दांडीवरून वाहणारी हवा तिच्यामागे आलटूनपालटून भोवरे सोडते आणि त्यातून एका ठराविक सुराचा गुणगुणाट निघतो. ताशी ९० किलोमीटर वेगाला २५ मिलिमीटर जाडीची दांडी साधारण २०० हर्ट्झचा सूर काढते. बारीक अँटेनाचा सूर याहून बराच उंच असतो. अशा दांडीवर जाड दोरी मळसूत्रासारखी, अंतर सोडून गुंडाळली की भोवरे सलग लांबीभर एकाच वेळी सुटू शकत नाहीत आणि सूर मोडतो. उंच धुराड्यांवर बसवलेल्या सर्पिल पट्ट्या याच तत्त्वावर काम करतात. अर्थात, कॅरिअर लागत नसेल तेव्हा ते उतरवून ठेवणे सर्वात चांगले, कारण त्याने इंधनही वाचते.

एवढे झाल्यावर पत्र्याकडे वळावे. ध्वनिरोधक म्हणून लावतात ती अॅल्युमिनियमचा थर असलेली ब्यूटाइल (चिकट रबराची) शीट आवाज अडवत नाही. ती पत्र्याचे थरथरणे शोषून घेते. त्यामुळे सगळा पत्रा झाकण्याची गरज नसते. बोटाने टकटक केल्यावर जिथे पत्रा घणघणतो, तिथे मध्यभागी पाव ते एक तृतीयांश भागावर शीट लावली तरी बहुतेक परिणाम साधतो. बाहेरचा आवाज अडवायचा असेल तर वजन लागते, आणि तेही बरेच: दर चौरस मीटरचे वजन दुप्पट केले की सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे ६ डेसिबलचा फायदा होतो. पातळ फोमकडून तर इंजिनाच्या घुमण्यावर काहीच अपेक्षा ठेवू नये, कारण १०० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते आणि एक-दोन सेंटिमीटरचा थर तिच्यापुढे नगण्य ठरतो. पाण्यातून जाणाऱ्या गाडीत उघड्या छिद्रांचा फोम जमिनीवर घालू नये. तो पाणी धरून ठेवतो आणि खालचा पत्रा गंजतो. दाराच्या तळाची पाणी निघण्याची भोके आणि आतली हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा शीटखाली बुजणार नाहीत, याकडे काम चालू असताना मालकाने स्वतः लक्ष द्यावे.

या कामात लोक मध्येच निराश होतात, त्यामागेही एक कारण आहे. सारख्याच तीव्रतेच्या दोन आवाजांपैकी एक पूर्ण बंद केला, तरी एकूण आवाज केवळ ३ डेसिबलने घटतो. कानाला आवाज निम्मा वाटायला मात्र साधारण १० डेसिबलची घट लागते. म्हणून पहिल्या दुरुस्तीनंतर ‘काही फरक पडला नाही’ असे वाटते आणि काम सोडून दिले जाते. शिवाय वाऱ्याचा आवाज कमी झाला की त्याखाली दबलेला गिअरबॉक्सचा किंवा टायरचा आवाज वर येतो. वळणावर बदलणारी चाकाच्या बेअरिंगची घरघर, चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या जॉइंटचा खडखडाट, असमान झिजलेल्या टायरची धडधड हे बिघाडाचे निरोप आहेत. ते शीटखाली दाबून न टाकता आधी दुरुस्त करावेत. मोबाइलवरचे डेसिबल मोजणारे अॅप तुलनेसाठी उपयोगी पडते, मात्र रस्ता, वेग आणि टायरमधील हवा तीच ठेवून, वारा पडलेला असतानाच मोजावे. अशी अॅप बहुधा ‘ए’ मापनपट्टी वापरतात. ती १०० हर्ट्झचा आवाज सुमारे १९ डेसिबलने कमी धरते, त्यामुळे आकडा सुधारला नाही तरी छातीत बसणारा घुमारा कमी झालेला असू शकतो आणि उलटही घडते.

गॅरेजचालकांना माझी विनंती एवढीच आहे की, ध्वनिरोधक शीटचा अंदाजखर्च सांगण्यापूर्वी ग्राहकाबरोबर गाडीत बसून टेपची एक फेरी मारावी, आणि शीळ कोणत्या दारातून येते हे त्याच्या कानांना ऐकवावे. आपल्या वाहनविषयक पानावर या तपासणीची छायाचित्रांसह माहिती दिल्यास, ज्यांच्या गाडीचे मागचे दार आजही नीट लागत नाही अशा वाचकांचा मोठा फायदा होईल.

आपला नम्र,
जुन्या गाडीवर प्रेम करणारा एक वाचक