ना हरकत द्यायला तुमची हरकत काय, मंत्री महोदय?

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

विषय : परदेशी अभ्यासक्रमासाठी मागितलेले आणि न मिळालेले ना हरकत प्रमाणपत्र.

महोदय,

सविनय निवेदन की, गेल्या आठवड्यात मला कार्यालयाकडून एका ओळीचं पत्र आलं. कंत्राटी कर्मचाऱ्यांना अध्ययन रजेची तरतूद नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. खाली सही, तीही ‘करिता’ म्हणून दुसऱ्याच कुणाची. अर्ज दिला तेव्हा उन्हाळा होता. नकार आला तो प्रवेश स्वीकारायची मुदत टळून गेल्यावर. आधी आला असता तर नोकरीवर पाणी सोडायचं की नाही, हे तरी माझं मला ठरवता आलं असतं.

मी एका जिल्ह्यात कंत्राटी साथरोग तज्ज्ञ आहे. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन या 1899 सालच्या संस्थेत मला प्रवेश मिळाला होता. फीचा मोठा भाग शिष्यवृत्तीतून सुटणार होता. शासनाकडे मी एक पैसा मागितला नव्हता. बिनपगारी रजा आणि परत आल्यावर हीच खुर्ची, एवढंच मागणं. खुर्चीही प्लास्टिकची आहे.

आपण आमच्या जिल्ह्यात आला होतात. नव्या इमारतीची कोनशिला बसवलीत आणि आरोग्य खात्यातल्या तरुणांना जगातलं उत्तम शिक्षण मिळवून देऊ, असा शब्द दिलात. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. इमारतीला रंग लागला. शब्दाचं काय झालं, ते विचारायला हे पत्र.

माझं काम काय असतं, हे आपल्याला कुणी सांगितलं नसेल. पावसाळ्यात एखाद्या गावातून गॅस्ट्रोचा फोन येतो. मी पोचते, घरोघर फिरून लाइन लिस्ट, म्हणजे रुग्णांची यादी करते, मग विहिरीवर जाते. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकलंय, असं सांगितलं जातं. क्लोरीन तपासायच्या ओटी टेस्टच्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकले, तर पिवळं व्हायला हवं ते पाणी जसंच्या तसं. मग ग्रामपंचायतीची खोली उघडायला लावायची. आत पावडरचं पोतं उभं असतं, शिवणसुद्धा न उसवलेलं. हे सगळं रात्री आयएचआयपी या साथरोगांच्या नोंदींच्या सरकारी पोर्टलवर भरायचं, सर्व्हर चालू असेल तर. मुलगी तोवर सासूबाईंजवळ झोपून गेलेली असते. करोनात तिला महिनोन्‌महिने जवळ घेतलं नव्हतं. 3 मे 2020 ला देशभर इस्पितळांवर हेलिकॉप्टरमधून फुलं उधळली गेली. आम्हाला त्या वर्षी मास्क पुरले नाहीत, आणि अकरा महिन्यांचा करार संपल्यावर सेवेत खंड मात्र नियमानुसार मिळाला. साथीला खंड नव्हता, मला होता.

मग परदेशी जाऊन शिकायचंय काय, असं मला कार्यालयात विचारलं गेलं. साहेब, रुग्ण मोजणं आणि साथीचं मूळ शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत. जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस गळायला लागले, तीन-चार दिवसांत टक्कल. कुणी पाण्याला दोष दिला, कुणी बुरशीला, कुणी शॅम्पूला. शेवटी विंचूदंशावर हयात घालवलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर नमुने तपासून घेतात आणि रेशनच्या गव्हातल्या सेलेनियम या खनिजाकडे बोट दाखवतात. एवढं मोठं खातं, आणि शोध लावणार सत्तरी ओलांडलेला एक माणूस! त्याच महिन्यात पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढत गेले, आकडा शंभरावर गेला, तेव्हा केंद्राचं पथक बोलवावं लागलं. दर वेळी पथक बाहेरूनच का यावं?

आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांच्या मूल्यमापनात दर दोन लाख लोकसंख्येमागे एक प्रशिक्षित साथरोग तज्ज्ञ असावा, असं माप लावतात. राज्याची लोकसंख्या बारा कोटी धरा. सहाशे झाले. पदनामाचे नव्हे, खरोखर शिकलेले शंभर दाखवा, मी हे पत्र मागे घेते.

देशात सोय नाही असंही नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोग संस्थेत 2001 पासून याच विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. दिल्लीत 2012 पासून एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस हे साथीचा तपास शिकवणारं प्रशिक्षण आहे. पण नावं कुणाची पुढे जातात? आमच्याकडून एका परदेशी प्रशिक्षणाला जे साहेब गेले, त्यांच्या निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. येताना चॉकलेटं आणली. चॉकलेटं चांगली होती.

आमच्या वाट्याला येतं ते सभागृहातलं ‘क्षमता बांधणी’ प्रशिक्षण. आधी बॅनर, मग हजेरीपटावर सही, मग पुरीभाजी, मग जिओटॅग फोटो. मागच्या खेपेला स्लाइडवर दुसऱ्याच राज्याच्या जिल्ह्यांची नावं होती, ती कुणी बदललीसुद्धा नव्हती. ऑनलाइन कोर्स असेल तर व्हिडिओ म्यूटवर सोडून द्यायचा, प्रमाणपत्र आपसूक येतं. अहवालात आम्ही शंभर टक्के प्रशिक्षित आहोत.

आणि हे कुठे, तर ज्या राज्यात डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकून आलं आणि 1970 मध्ये जामखेडला गावोगावच्या आरोग्याच्या कामाला लागलं. डॉ. अभय आणि राणी बंग हे दांपत्यही जॉन्स हॉपकिन्समधूनच एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेऊन गडचिरोलीला गेलं, आणि त्यांनी दाखवलेली घरोघरच्या नवजात बाळाची काळजी पुढे देशाने उचलली. जामखेडला जगभरातून लोक शिकायला येतात. माझ्या कार्यालयातून तिथे कुणाला पाठवल्याचं मी ऐकलेलं नाही. लंडनचं राहू द्या, जामखेडला जायला तरी पासपोर्ट लागत नाही.

सार्वजनिक आरोग्याचं वेगळं केडर, म्हणजे त्याच कामाचा कायम अधिकारीवर्ग उभारा, असं 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय. 2022 मध्ये केंद्राने त्याची मार्गदर्शक तत्त्वंही काढली. तमिळनाडूत तर 1939 पासून सार्वजनिक आरोग्याचा कायदा आहे आणि त्या कामाचं स्वतंत्र केडरही आहे. आपल्याकडे? मार्च 2024 मध्ये कंत्राटी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या समायोजनाचा, म्हणजे त्यांना कायम पदांवर सामावून घेण्याचा जीआर निघाला, तो अंमलात आणा म्हणून कर्मचाऱ्यांना पुन्हा रस्त्यावर बसावं लागलं. इमारत बांधली की टेंडर निघतं, यंत्र घेतलं की खरेदी निघते. माणूस शिकवून कुणाला काय सुटतं? म्हणून यंत्रं येतात, चालवणारा नसतो, आणि ती प्लास्टिकच्या वेष्टनातच म्हातारी होतात. ही फक्त आरोग्याची गोष्ट नाही. शाळेत कंत्राटी, कॉलेजात तासिकेवर, एसटीत कंत्राटी. कायम आहे ती फक्त कोनशिला, तिच्यावरचं नाव आणि ते कोरणाऱ्याचं बिल.

असो. सलग काम करणाऱ्या कंत्राटी कर्मचाऱ्याला शिक्षणासाठी बिनपगारी रजा द्या, परतल्यावर पद राखा, हवं तर पाच वर्षं इथेच काम करण्याचा बॉन्ड लिहून घ्या. मी आज सही करते. आणि अर्जावर नकारच द्यायचा असेल, तर तो मुदतीच्या आत द्या.

आपली,
एक कंत्राटी साथरोग तज्ज्ञ
(नाव देत नाही. कराराचं नूतनीकरण व्हायचं आहे.)