मधल्या सुट्टीत भिडू मिळावा म्हणून

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांना शाळा प्रवेश देतात, काही ठिकाणी सोबत शॅडो टीचर, म्हणजे वर्गात त्या मुलाला मदत करणारी शिक्षिकाही असते. पण मधल्या सुट्टीत ते मूल मैदानाच्या कडेकडेने एकटेच फिरताना दिसते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या कलम 16 मध्ये शिक्षणाबरोबरच खेळ आणि करमणुकीच्या समान संधीचा उल्लेख आहे. प्रत्यक्षात मात्र फार तर बाकीची मुले त्या मुलाला कच्चा लिंबू म्हणून घेतात. त्यामागे माया असते, हे मान्य. पण कच्च्या लिंबूवर राज्य येत नाही, त्याच्याकडे कुणी चेंडू टाकत नाही, आणि खेळ काय आहे हे त्याला वर्षभर उमगत नाही.

शाळेने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या जागी एकत्र खेळासाठी 30 मिनिटे काढावीत. एक किंवा दोन ऑटिस्टिक मुले आणि त्यांच्याच वयाची तीन मुले पुरतात. गटात वर्गाचा मॉनिटर शक्यतो नको; तो भिडू होण्याऐवजी मास्तर होतो. आवडीनिवडी जुळणारी मुले घ्यावीत.

लगोरीचेच पाहा. लगोरी फुटली की पळणे, ओरडणे, चेंडूचा मार आणि रचणे असे सगळे एकदम सुरू होते. या मुलांचा गोंधळ उडतो तो तिथे. म्हणून आधी चेंडू बाजूला ठेवून फक्त रचायला शिकवावे. 7 लाकडी चकत्या. एकाने द्यायच्या, दुसऱ्याने रचायच्या, मग अदलाबदल. एकट्याने होणारे काम नसल्यामुळे दोघांना एकमेकांकडे पाहावेच लागते, 'माझ्याकडे बघ' असे दटावावे लागत नाही. मग पाच पावलांवरून नेम धरून पाडणे, नंतर पाडून पुन्हा रचणे. मार सर्वांत शेवटी, तोही स्पंजच्या चेंडूने आणि गुडघ्याखाली. एका पायरीवर तीन आठवडे गेले तरी चालतील. लगोरी लागल्यावरचा जल्लोष ऐकून मूल कान झाकत असेल, तर सगळ्यांनी हात वर करायचे ठरवावे.

बाकीच्या मुलांची तयारी आधी करून घ्यावी: समोर जाऊन नाव घ्यायचे, चेंडू दाखवायचा, 'टाक' एवढेच म्हणायचे आणि मनात पाच आकडे मोजेपर्यंत थांबायचे. घाई इथेच होते. उत्तर येत असतानाच दुसरी हाक जाते. बोलता न येणाऱ्या मुलाजवळ 'माझी पाळी', 'परत', 'थांब', 'बास' अशी चार चित्रकार्डे असावीत. 'बास' दाखवले की त्याला खरोखर बाजूला बसू द्यावे, नाहीतर त्या कार्डावरचा त्याचा विश्वास उडतो. खेळ संपण्याआधी 'अजून दोन डाव' असे सांगावे.

मोठ्यांनी मध्ये पडू नये. सूचना द्यायचीच तर ती ऑटिस्टिक मुलाच्या कानात नव्हे, त्याच्या भिडूला द्यावी: 'त्याला चकती दाखव.' पुढे तीही कमी करत न्यावी. आपण सतत बोलत राहिलो की मूल आपल्याशी खेळते, मुलांशी नाही. शेजारी बसून दोघे आपापल्या गाड्या रांगेत लावत असतील, तर तोही खेळच आहे; मोडू नये. पालकांच्या संमतीशिवाय मुलाला ऑटिझम आहे हे वर्गात सांगू नये. 'त्याला मोठा आवाज सहन होत नाही' एवढे मुलांना पुरते.

जूनमध्ये वेळापत्रक लावताना मुख्याध्यापकांनी पीटीच्या तासांतून हा वेळ काढावा आणि त्यावर एकाच शिक्षकाची वर्षभरासाठी नेमणूक करावी, ही विनंती.

— काही विशेष शिक्षिका व ऑक्युपेशनल थेरपिस्ट, ठाणे